मौनाची होडी

२ ऑक्टोबर
टोपीला कान आहेत! लिहून ठेवते, पुढे कुणाला खरं वाटणार नाही. पिवळी टोपी, तिच्यावर काळे ठिपके आणि वर दोन कान. लॉजच्या सगळ्या नावाड्यांनी आजपासून घालायची, असा ओस्मारचा हुकूम. ओस्मार म्हणजे आमचा मालक. पाच वर्षांपूर्वी बैल विकायचा, आता सूर्योदय विकतो. सत्तेचाळीस वर्षं मी या पाणथळीत इज्जतीने काढली. पुरात घर गेलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही. आज आरशात पाहिलं आणि आलं. वारा लागला की कान फडफडतात. पाहुणे जग्वार सोडून माझाच फोटो काढतात.

३ ऑक्टोबर
कान उसवून टाकू का, विचारलं. ओस्मार म्हणाला, "निल्झा, कान हीच तर कल्पना आहे."

४ ऑक्टोबर
आणखी एक कल्पना. पाहुण्यांची तक्रार आली — एका जग्वारभोवती बावीस होड्या! खोटं नाही. कुणा एकाला जनावर दिसलं की तो वायरलेसवर हाक देतो, आणि अर्धी नदी तिथे गोळा होते. जनावराने जांभई दिली तरी बावीस होड्यांतून कॅमेरे कडकडतात. त्यावर ओस्मारचा उतारा — 'मौनाची होडी'. वायरलेस नाही, गर्दी नाही, फक्त तुम्ही आणि निसर्ग. भाडं दुप्पट. म्हणजे होडीतून एक वस्तू काढून घ्यायची आणि त्याबद्दल जास्त घ्यायचं. बैलबाजारात हे खपलं नसतं.

होडी दिली सगळ्यांत जुन्या माणसाला, देओदातोंना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. देओदातोंनीही नाही.

त्यांचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत, हे एकट्या मला ठाऊक. दोन वर्षं आमच्या हाका ऐकूनच ते जग्वार 'शोधतात'. नदी पाठ आहे, वळणं पाठ आहेत, आणि होडी इतकी हळू हाकतात की पोहणारा कॅपिबारा, डुकराएवढा उंदीरच तो, तोही पुढे जाईल. पण काठावरचं जनावर पाठ कसं करणार? सरकारी इस्पितळाने शस्त्रक्रियेची तारीख दिलीय नोव्हेंबरची. तोवर कळलं तर हातात धक्क्यावरचा झाडू. आणि ओस्मारने एकदा झाडू दिला की होडी परत मिळत नाही.

७ ऑक्टोबर
तीन दिवस, तीन फेऱ्या, जग्वार शून्य. आज त्या होडीतून एक जर्मन जोडपं उतरलं, ते खरोखरच मौनात होतं.

संध्याकाळी धक्क्यावर तेरेरे पीत बसलो. थंड पाणी, कडू पाला, शिंगाचा एकच पेला, तो पाळीपाळीने फिरवायचा. म्हटलं, सांगून टाका ओस्मारला. म्हणाले, "डोळे परत मिळतील, पोरी. होडी नाही मिळणार." आणि पेला माझ्याऐवजी शेजारच्या खांबापुढे धरला. खांबाने घेतला नाही. मग दोघंही हसलो. बराच वेळ हसलो.

८ ऑक्टोबर
उद्या साओ पाउलोहून सहलकंपनीची बाई येतेय. तिच्या मनात भरलं तर वर्षभराचे पाहुणे. ती मौनाच्या होडीत बसणार. ओस्मारने देओदातोंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, उद्याही काही दिसलं नाही तर धक्का झाडायला अनुभवी माणूस हवाच आहे. असं सगळं तो हसून सांगतो.

झोप नाही. एकोणीस वर्षांपूर्वी बाईच्या हाती होडी दिली म्हणून इथे पैजा लागल्या होत्या. नऊ दिवस मला शेपूटसुद्धा दिसली नाही. दहाव्या दिवशी एका फांदीवर लाल रुमाल दिसला. देओदातोंचा, सगळी नदी ओळखायची. थांबले. खाली सावलीत जग्वार पसरलेला! त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, मीही नाही. रुमाल माझ्या पेटीत आहे. माझी एकोणीस वर्षं त्याच्यावर उभी आहेत.

९ ऑक्टोबर
सात वाजता मला मादी दिसली. वाळूवर, पोटभर जेवून आडवी. वायरलेस उचलला. ठेवला. हाक दिली असती तर बावीस होड्या, मग कुठलं मौन! माझ्या चौघांना पाच मिनिटं दिली आणि म्हटलं, जेवून पडलेल्या बाईमाणसाकडे फार वेळ बघू नये. तिच्या थोडं वरच्या अंगाला फांदीवर टोपी अडकवली आणि झाडीतून ती फांदी दिसेल अशी वळणाआड जाऊन थांबले. तिथे एक बगळा होता. चार परदेशी माणसांना एका बगळ्याचं पंचवीस मिनिटं कौतुक करायला लावलं. याहून मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही.

देओदातो आले. टोपीच्या शेजारून आले — आणि सरळ पुढे गेले! तेवढ्यात ती बाई म्हणाली, "अहो, कुणाची तरी टोपी! तिला कान आहेत!"

होडी मागे आली. म्हातारबुवांनी हात लांबवून फांदी चाचपली. कान हाताला लागला. तो जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आता बोलायचं नाही. वाळूकडे बघत राहा."

संध्याकाळी ओस्मार सगळ्यांना सांगत होता — नजर असावी तर अशी! बाईला होडी आवडली. टोपी त्याहून आवडली, पाहुण्यांनाही हवी म्हणाली. ओस्मारने मला विचारलं, तुझी कुठे गेली? म्हटलं, कामावर आहे.

१० ऑक्टोबर
देओदातो टोपी घेऊन आले. उपकार झाले म्हणाले. म्हटलं, उपकार कसले, त्या लाल रुमालाची फेड आहे.

"कुठला रुमाल?"

सगळं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं.

"अगं, तो मी वाळत घातला होता. मासे साफ केले, रुमाल धुतला, आणि विसरलो. परत गेलो तर नाही. बायकोने लग्नात दिला होता. ती मरेपर्यंत त्यावरून तिची बोलणी खाल्ली." मग म्हणाले, "जग्वार होता का तिथे?"

११ ऑक्टोबर
पहाटे रुमाल धुतला. त्यांच्या होडीच्या सुकाणूला बांधून आले. ओलाच आहे. वाळेल.