तैस्तोचा चिनी खोका

अलावुस, ४ मे २००९

चि. रौनो यास,
अ. उ. आ.

हात कसा आहे? फोनवर तुझी जीभ अडखळायला लागली की तुझी बायको इर्मेली रिसीव्हर काढून घेते, म्हणून म्हटलं पत्रच बरं. खरं सांगू? हे फोनवर सांगायची माझी छातीच झाली नसती.

आर्वो परवा गळ्यात अकॉर्डियन अडकवूनच दारात उभा राहिला. तळ्याकाठच्या नाचमंडपाचा हंगाम तोंडावर आलाय आणि बँडला गिटारवाला नाही. म्हणाला, रौनोला अर्धांगाचा झटका आल्यापासून आम्ही नुसते हातावर हात ठेवून बसलोय, उन्हाळ्यापुरता तू बस. आणि मी हो म्हणून बसलो. तोंडातून निघून गेलं रे. ज्या खुर्चीवर कुओपिओहून येऊन-जाऊन इतकी वर्षं माझा धाकटा भाऊ बसला तिथे मी बूड टेकायचं, आणि तेही तू तिकडे रबरी चेंडू दाबत घाम गाळत असताना!

अजून एक गुन्हा आहे. गिटारही घेतली. स्वस्तातली, चीनमध्ये बनवलेली, पण तुझ्यासारखीच अर्धपोकळ: मध्ये लाकडाचा ठोकळा, दोन्ही कुशी रिकाम्या. रंग चेरीसारखा. घरी आणून वाजवली तेव्हा मला आनंद झाला, आणि झाला म्हणून लगेच स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. रागावू नकोस.

माया कमी करणार नाहीस अशी आशा करणारा,
तुझी खुर्ची बळकावणारा तैस्तो


कुओपिओ, १२ मे २००९

ती. तैस्तोदादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलोच आहे. खुर्चीवरून नाही; तिला कुणाचं बूड आहे ते कळत नाही. रागावलोय त्या चिनी खोक्यावर! माझी गिटार इथे भिंतीवर लटकतेय. मागितली असतीस तर दिली नसती का? पण तू कसला मागतोस! आपल्या घरात कुणी कुणाकडे कधी काही मागितलंय? आईला मीठ हवं असलं तर ती नुसती मीठदाणीकडे बघत बसायची, आणि बाबा आळणी सूप मुकाट गिळायचे.

बरं, घेतलीस ती घेतलीस. आता तिला माणसात आण. स्वस्त गिटारीच्या खुंट्या दगा देतात, अर्ध्या नाचात सूर उतरेल. माझ्या खणात जुन्या खुंट्या पडल्यात, तारा टेकायची एक घोडीही आहे, पाठवतो. तारांचा आवाज उचलणारे पिकअप सापडले तर तेही धाडीन. ते बसवताना एक ध्यानात ठेव. अर्धपोकळ गिटारीला मागे झाकण नसतं, सगळ्या वायरी पोटावरच्या वळणदार भोकातून बाहेर काढायच्या आणि तिथूनच आत सारायच्या. म्हणून आधी प्रत्येक बटणाला दोरा बांध, म्हणजे नंतर दोऱ्याने ओढून जागेवर आणता येतं. विसरलास तर बोंबलत बसशील.

इर्मेलीने राय धान्याच्या पावात भाजलेला मासा दिलाय. तो खायचा आहे, खोक्यात बसवायचा नाही.

असाच लिहीत राहा, तेवढीच करमणूक.
तुझा रौनो


अलावुस, ६ जून २००९

चि. रौनो यास,
अ. उ. आ.

तिन्ही पार्सलं पोचली. दोरा बांधायला विसरलो. हस, हस! गिटार उलटी धरून हलवतोय, आत बटणं खुळखुळतायत आणि बाहेर यायला एकही तयार नाही. शेजारच्या हिल्काबाईंनी खिडकीतून विचारलं की बटाटे शिजलेत का बघताय काय.

पण काय पिकअप आहेत रे! असं सामान खणात ठेवून कुणी झोपतं का? एकाच्या पत्र्यावरचं पॉलिश एका बाजूने पार घासलंय. खणात पडून असं कसं घासलं देव जाणे. तालमीला पहिला टँगो सुरू केला तर आर्वोने वाजवता वाजवता वळून पाहिलं. म्हणाला, मला वाटलं रौनो आला. सगळे खूश झाले. मी घरी आलो आणि सौनाच्या वाफेत बसून राहिलो, अंग भाजलं तरी उठवेना. तुझा आवाज माझ्या हातातून यावा हे काही बरं नाही. शरदात तू परत येशील तेव्हा हे सगळं सव्याज परत करीन.

इर्मेलीला माशाबद्दल शाबासकी दे.
तुझाच तैस्तो


कुओपिओ, १४ जून २००९

ती. तैस्तोभावोजी यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र रौनोच्या नकळत लिहितेय. त्याच्या खणात काहीही नव्हतं, नुसते रबरबँड आणि कॉफीची कुपनं. त्याने भिंतीवरची गिटार काढली, गुडघ्यांत धरली आणि एका हाताने एकेक वस्तू सोडवली. बटणं भोकातून बाहेर मी ओढली. झाळण वितळवताना वायर मी धरली, माझं बोट भाजलं, आणि शिव्या मात्र त्याने दिल्या. आता ती पुन्हा भिंतीवर आहे. वर तारा नाहीत, आत काही नाही. मी रडले तर म्हणाला, अर्धी पोकळ होती, आता पुरती झाली.

भावोजी, मला भीती वाटते. ह्याने बरं व्हायची आशाच सोडली की काय? मला धड उत्तर देत नाही. तुम्ही विचारा. तुमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे, तरी विचारा.

मोठेपणाने समजून घ्या, ही विनंती.
तुमची इर्मेली


अलावुस, २१ जून २००९

चि. रौनो यास,
आशीर्वाद द्यायचं तोंड मला उरलेलं नाही.

इर्मेलीने मला सगळं कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. पत्र युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दिवशी आलं आणि त्याच संध्याकाळी मंडपात मोठा नाच होता. नाही म्हणायलाही वेळ नव्हता. मंडप खच्चून भरलेला, सॉसेज भाजल्याचा धूर, डास, सगळं नेहमीसारखं. पहिला टँगो वाजवला. प्रत्येक स्वर तुझा. तुझ्या गिटारीची आतडी काढून मी इथे मिरवतोय असं वाटलं.

आणि मग मी ते केलं. आपल्याकडे एका जोडीने लागोपाठ दोन गाणी नाचायची असतात, हे लहान पोरालाही कळतं. पहिलं संपलं तरी कुणी जागेवर जात नाही. तशी सगळी मंडळी एकमेकांचा हात धरून दुसऱ्याची वाट बघत उभी होती, आणि मी गिटार खाली ठेवून निघून गेलो. कॉफीच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो. आत कुणी जागचं हलेना. शेवटी आर्वोने एकट्याने अकॉर्डियनवर वेळ मारून नेली. घरी जाताना मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आर्वोला मी नाही म्हणून कळवतोय. तुझे सगळे भाग काढून परत पाठवतो. आणि एक विचारतो, आयुष्यात पहिल्यांदाच. रौनो, तू आशा सोडलीस का रे?

क्षमा कर.
तैस्तो


कुओपिओ, २६ जून २००९

दादा,
शि. सा. न. मागाहून, आधी शिव्या घे. दोन टँगोंच्या मध्ये माणसं ताटकळत ठेवलीस? लाज वाटायची तर त्याची वाटू दे. बाकी कशाची वाटून घ्यायचा तुला हक्क नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. हो, बोटांची आशा सोडली. मार्चमध्येच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चालणं सुधारेल, तार दाबणं जमायचं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. घरात येणारा आधी भिंतीकडे बघायचा, मग माझ्या हाताकडे, मग म्हणायचा, शरदात बघ कसा वाजवशील. इर्मेलीही तेच म्हणायची आणि तूही तेच लिहिलंस. मी आपला मान डोलवायचो. जीव नको झाला होता, दादा. ज्या दिवशी स्क्रू सोडवायला घेतले त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. तू माझं काही चोरलेलं नाहीस. भाग परत पाठवलेस तर सरळ तळ्यात फेकीन, आणि मी फेकतो हे तुला माहीत आहे. आर्वोला मी फोन करून तुझा राजीनामा रद्द केलाय. त्याला माझं बोलणं नीट कळलं नाही, पण ओरडणं कळलं.

इर्मेलीलाही सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग माझ्यावर खूप ओरडली, आणि मग तिने कॉफी केली.

चालणं मात्र खरंच सुधारलंय. पुढच्या शनिवारी आम्ही तिकडे येतोय. बायकांनी जोडीदार निवडायची वेळ झाली की इर्मेली मला उठवणार, असं ठरलंय. डावा पाय फरपटतो, तेव्हा संथ टँगो घे. बाकापासून मंडपाच्या मधोमध पोचेपर्यंत माझं पहिलं गाणं संपेल. मी नाचणार आहे ते दुसऱ्या गाण्यावर.

लोभ आहेच. फक्त मध्येच उठू नकोस.
तुझा रौनो