घट्ट वेणी

बबडीच्या आईस,

कोर्टात तुमच्या लेकीची बाजू मांडणारी बिनपगारी बाई ती मी. वर्षभर दर शनिवारी बालगृहात जातेय, पण कारटीने केसांना कधी हात लावू दिला नाही. परवा तुम्ही भेटायला आलात आणि ती फणी घेऊन मुकाट तुमच्या पुढ्यात बसली. तिला तीन दिवस कुलपात ठेवून गेलेल्या तुमच्या! माझा नुसता जळफळाट झाला.

“आई, घट्ट घाल, पुढच्या भेटीपर्यंत टिकली पाहिजे,” म्हणाली.

अहवालात मी लिहिलंय, ‘आई वेणी घालत असताना मूल रडलं.’ खोटं नाही. वेणी होत आली, आता तुम्ही निघणार, म्हणून रडलं, तेवढं गाळलंय.

उद्या सुनावणी, तिला तुमच्याकडे परत पाठवायचं की नाही याची. दुरुस्तीसाठी पेन उघडलं, तर त्याच पेनाने तुम्हाला हे लिहीत बसले. वाक्य तसंच आहे.

कागदोपत्रीच तिची,
मी