पास्कू जेवायला आला होता

कलकत्ता, १२ फेब्रुवारी १९७८

आय,
मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? पाचूबंदरला बोंबील वाळत घालायला तू जाऊ नकोस.

पास्कूने आणि पोरांनी मला बँडमधून काढलं, हे कळलंच असेल. आता हॉटेलात एकटाच गिटार वाजवतो. इथे रॉक चालत नाही, पण जेवण चांगलं मिळतं.

काल पास्कू पोरांना घेऊन तिथेच जेवायला आला. धाकटा भाऊ, गिटार मीच शिकवलेली. वाटलं, हाक मारेल. त्याने माझ्याकडे बघत वेटरला सांगितलं, "गिटारवाल्याला म्हणावं, आवाज कमी कर. आम्हाला बोलायचंय."

मी आवाज कमी केला.

ईस्टरला तो घरी येईल, माझी चौकशी करेल. माझं पत्र येत नाही, असंच सांग.

पापांना जप.
तुझा इनास