धाकटीच्या लग्नाचा केक आणि माझी बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारा, घरीदारी ‘भिंगरी’ याच नावाने ओळखला जाणारा, वय सव्वीस, धंदा केकवर नक्षी करणे, राहणार घरापासून दोन रात्रींच्या प्रवासावर एका भाड्याच्या खोलीत, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. याला बाबांची हरकत असेल. ती आधीच नोंदवून घेतली आहे. हा कागद मी राजीखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि पोटाला पट्टा बांधून लिहीत आहे.

कारण असं की उद्या सकाळी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, अगदी किरकोळ, संध्याकाळी चालत घरी जाल. पण माझ्या खोलीत जो दुसरा राहतो तो रुग्णवाहिका चालवतो, आणि त्याचं म्हणणं, “मी ज्यांना ज्यांना पोचवलं ते सगळे किरकोळ म्हणूनच निघाले होते.” म्हणून हे मृत्युपत्र. वरचे भारदस्त शब्द घरमालकीणबाईंच्या कैलासवासी यजमानांच्या मृत्युपत्रावरून घेतले आहेत. वकिलाचं जिथे संपलं तिथून माझं सुरू होतं. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे चूकभूल पदरात घ्यावी.

कलम पहिलं. स्थावर मिळकत. काही नाही. घर नाही, जमीन नाही. आधी टायरच्या दुकानात होतो, मग हॉटेलात भांडी घासली, मग दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बाबा म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. लोकांनी पुढे पाय गाळला आणि नुसती भिंगरी ठेवली. पाट्या रंगवत असतानाच एका केकच्या दुकानाची पाटी करायला चढलो. मालकीणबाई खालून बघत होत्या. म्हणाल्या, “हेच अक्षर क्रीमने काढता येईल का?” मी शिडीवरून उतरलो तो अजून तिथेच आहे. एका जागी इतका टिकलो, याची नोंद आईने घ्यावी. तिने नवस बोलला असेल तर फेडून टाकावा.

कलम दुसरं. हत्यारं. केक ठेवून फिरवायचं लोखंडी टेबल दुकानाच्या मालकीणबाईंना. क्रीम सारखं करायचा चपटा सुरा आईला, पण तिने त्याने तवा खरवडू नये. क्रीमची टोकं, म्हणजे नोझलं, धाकट्या बहिणीला. त्यातलं एक चेपलेलं आहे, ते टाकू नये. पानाच्या कडा त्याच्यानेच खऱ्या निघतात.

कलम तिसरं. राग. माझ्यामागे माझे राग वाऱ्यावर पडू नयेत, म्हणून ते वाटून देतो.

एक गृहस्थ आपल्या साहेबांच्या वाढदिवसाला साहेबांच्या चेहऱ्याचा केक करून घेऊन गेले. फोटोत होते त्याच्यापेक्षा जास्त केस करायला लावले. केक झाला हुबेहूब. इतका, की साहेबांच्या नाकावर सुरी चालवायची कोणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी गृहस्थ केक परत घेऊन आले आणि म्हणाले, “खाल्लाच नाही, तर पैसे कसले?” त्यांच्यावरचा राग रूममेटला देतो. त्याने कधी त्यांना रुग्णवाहिकेतून न्यायची वेळ आलीच, तर सगळ्या खड्ड्यांतून न्यावं.

दुसरा राग इथल्या एका हॉलच्या मॅनेजरवर. चार थरांचा केक घेऊन आम्ही गेलो तर म्हणाला, लिफ्ट फक्त पाहुण्यांसाठी. मी म्हणालो, “साहेब, सगळे पाहुणे याच्यासाठीच आलेत.” म्हणाला, “मग त्यांना सांगा खाली येऊन खायला.” खालचा थर मी जिन्याने वर नेला. केकला ओरखडा आला नाही, जे काय झालं ते माझ्या पोटाला झालं. माझा हर्नियाचा पट्टा ऑपरेशननंतर धुऊन त्या मॅनेजरला नेऊन द्यावा. पेटीत, रिबिनीसकट.

कलम चौथं. आता मुख्य भांडण.

आमचे बाबा सुतार आहेत. धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलं आहे. तिने माझ्याकडे केक मागितला आणि मी हो म्हणालो. बाबांनी किंमत विचारली. मी माझ्या खर्चाने करणार असलो तरी खोटं सांगवेना, दुकानात त्याचे किती लागले असते ते सांगून टाकलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: ज्या लग्नात असला केक येईल तिथे ते पाहुण्यांना नमस्कार करून निघून जातील, जेवायला थांबणार नाहीत. धाकटी म्हणते, केक नसेल तर चालेल, बाबा हवेत. असं म्हणते आणि फोनवर गप्प बसते. तिचं गप्प बसणं मला दोन रात्रींच्या अंतरावरून ऐकू येतं.

“एवढ्या पैशांत जेवायचं टेबल होतं,” बाबा म्हणाले.

“टेबल खाता येतं का?”

“केकवर ताट मांडता येतं का?”

मागून आई म्हणाली, “दोघंही फोन ठेवा, माझं दूध उतू गेलं.”

माझं म्हणणं मी इथे शपथेवर मांडतो. सगळेच केक किमतीचे नसतात. साहेबांच्या नाकाचा नव्हता. सोन्याचा वर्ख लावून नेतात तोही नाही, त्यात सगळं सोनं बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातं. पण एकदा एक म्हाताऱ्या शिंपीणबाई आल्या. म्हणजे त्यांना त्यांच्या नातींनी हाताला धरून आणलं. मी त्यांचं जुनं शिवणयंत्र केलं होतं, हाताच्या घामाने चाकाचा रंग गेला होता त्या जागेसकट. बाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं, चाकाला बोट लावलं. मग म्हणाल्या, “सुई उलटी लावलीस रे.” आणि रडायला लागल्या. त्या केकची किंमत कोणी विचारली नाही. मीही सुई सुलटी केली नाही, त्यांनीच केली.

आणि बाबांनी तर या विषयात बोलूच नये. तयार कपाट बाजारात स्वस्त मिळतं असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हातातला रंधा न थांबवता म्हणतात, “मग तेच घ्या. दार भिंतीला आपटलं की भिंत कापून घ्या.” लहानपणी त्यांचा कारखाना झाडताना हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला दुसरं शिक्षण लागलं नाही. मापाचं काम, मापाचा भाव. फक्त ते लाकडाला लागू आणि साखरेला नाही, हा कायदा कोणत्या कोर्टातला?

कलम पाचवं. रंधा. बाबांच्या साठीला मी त्यांच्या आवडत्या रंध्याचा केक केला होता आणि दोन रात्री बसमध्ये मांडीवर धरून घरी नेला होता. वरून साखरेची मळलेली कणीक लाटून लाकडाचा रंग दिला, पात्याला चांदीचा. कामाच्या बाकावर ठेवून दिला. बाबा आले, खाली वाकले, म्हणाले, “पातं फार बाहेर काढलंय. लाकूड फाडेल.” केक आहे म्हणून सांगितलं तरी म्हणाले, “असेना. पातं बाहेरच आहे.”

आईने सुरी आणली. बाबा म्हणाले, “रंध्यावर सुरी चालवतात का?” कोणाला कापू दिला नाही. आठवड्याने मुंग्या लागल्या. तेव्हा बाबांनी मुंग्या झटकून त्याला लाकडाचं पॉलिश मारलं. वाळल्यावर परत मारलं. आजही तो त्यांच्या फळीवर चकाकत असतो. आत काय झालं असेल ते देवाला माहीत. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा सांगतात, “पोराने पैसे पाण्यात घातले. एक घास कोणाच्या तोंडी लागला नाही.” सांगताना त्यावरची धूळ पुसतात, असं धाकटी म्हणते.

सदर रंधा माझ्या मिळकतीत धरू नये, तो बाबांचा आहे. फक्त कोणी खाऊ नये.

कलम सहावं. जंगम मिळकत. माझी बँकेतली सगळी शिल्लक धाकटीच्या लग्नाच्या केकवर खर्च करावी. मी असलो तर केक मी करीन, नसलो तर दुकानाच्या मालकीणबाई करतील, त्यांनी तसं कबूल केलं आहे. केक तीन थरांचा. फुलं नकोत, हंस नकोत, बाहुलाबाहुली नको. धाकटी म्हणाली, “दादा, मला रंधा मारताना निघतात ना, लाकडाची ती भेंडोळी हवीत.” शाळेतून आल्यावर ती बाबांच्या बाकाखाली त्या भेंडोळ्यांच्या ढिगातच झोपायची आणि उठली की केसांत नुसत्या वळ्या. तर केकवर खालपासून वरपर्यंत चॉकलेटची भेंडोळी. ती मी चॉकलेटच्या लादीवर सुरा ओढून काढतो. ओढताना माझा हात बाबांसारखा चालतो, हे मला इथे येऊन कळलं. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी किंमत विचारली, कसा आहे ते विचारलं नाही.

बाबांनी हॉलमध्ये थांबायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मेलेल्या मुलाचा केक टाकून कोण जातं ते मला वरून बघायचं आहे.

कलम सातवं. हे लिहायला घेतलं तेव्हा यात आईसाठी दुसरंच काही होतं. पण मधेच फोन आला. बाबांचा. बाबा स्वतः कधी फोन लावत नाहीत. मला वाटलं, ऑपरेशनचं विचारतील.

“खालच्या थराचा घेर किती?”

“कशाच्या?”

“केकच्या. दुसरा कसला थर आहे तुझ्याकडे?”

“का पण?”

“धाकटीने आज सगळं सांगितलं. भेंडोळ्यांचं.” मागे फळी ओढल्याचा आवाज आला. “हॉलवाले म्हणे पत्र्याचं स्टँड देतात. भेंडोळ्यांखाली पत्रा? स्टूल मी करतो, अक्रोडाची फळी काढून ठेवलीय. वजन किती भरेल?”

“एकट्याने उचलू नये इतकं.”

“ते कळलं आम्हाला.”

मी गमतीने विचारलं, “किती घेणार स्टुलाचे?” बाबांनी आकडा सांगितला. मी पोट धरून खाटेवर बसलो. “बाबा, एवढे? एका संध्याकाळपुरत्या स्टुलाला?”

“मापाचं काम आहे. तयार हवं असेल तर बाजारात जा.”

“म्हणजे केकचा भावही…”

“केकचं मी काही म्हटलेलं नाही. मी स्टुलाचं बोलतोय.”

“मापं लिहून घेता का मग?”

“आत्ता नको. उद्या तुझी गडबड आहे. परवा सांग. नीट मोजून सांग.” आणि फोन ठेवला.

तरी कलम सहा पुढीलप्रमाणे दुरुस्त समजावं. शिल्लक केकवर आणि केकखालच्या स्टुलावर खर्च करावी. त्यानंतर काही उरत नसल्यामुळे आईला माझा नमस्कार. आगाऊ रक्कम बाबांना उद्या ऑपरेशनआधीच पाठवत आहे, कारण त्याशिवाय ते लाकडाला हात लावत नाहीत, मग गिऱ्हाईक पोटचं का असेना.

आणि केकची मापं कुठेही लिहिलेली नाहीत, माझ्या डोक्यात आहेत, ती परवा सांगायची आहेत. सबब उद्या मरण्याचा विचार रद्द करण्यात येत आहे. कागद मात्र फाडू नये. पट्टा त्या मॅनेजरला पोचलाच पाहिजे.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर: सही माझ्यासमोर झाली. उद्या याला मी फुकट पोचवणार आहे. परत आणायचे पैसे घेईन, आणि ते तो देईलच.

साक्षीदार दुसरी, घरमालकीण: सगळं वाचलं. आमच्या यजमानांच्या मृत्युपत्रात इतका मजकूर नव्हता. लग्नानंतर ते स्टूल कोणाला नको असेल तर माझ्या कुंडीखाली बसेल. कुंडीचा घेर मी मोजून ठेवला आहे.

ठिकाण: जिना चढून डावीकडची खोली.

तारीख: मापं द्यायच्या दोन दिवस आधी.