कढईचा फोटो

तिगाव
१० ऑगस्ट २०२५

प्रिय डिंपलताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, कपाशी बरी आहे, पोळ्याला तुमच्या येण्याची आई वाट पाहताहेत. फोनच केला असता, पण आई तो स्पीकरवर लावतात आणि माझ्या वाट्याचंही त्याच बोलतात. म्हणून पत्र.

तुम्ही सौंसरला भरवलेल्या फोटोंच्या प्रदर्शनातला तो ताटाचा फोटो आईंनी फ्रेम करून बैठकीत लावला आहे. येईल त्याला दाखवतात. "माह्या लेकीनं लावला होता हा तिथं. पाहा, आमच्या घरी कसे जेवून राहिले लोकं." ताटात भाकरी, वरण, चवळीची भाजी, काकडी, दही. फोटो मी काढला, हे त्या सांगत नाहीत. ते ताट तुमच्या दादाचं होतं, हेही नाही.

तुम्ही गावातल्या बायकांच्या हाती फोन दिले तेव्हा याच आई म्हणत होत्या, "जेवनाचे कायले फोटू काढून राहिली व?" तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "वहिनी, घरात जो जे खाते ते काढा. लाजू नका. डोळ्यानं पाहिलं की लोकं बदलतेत." मी विश्वास ठेवला. मूर्खच म्हणा.

वस्तीतल्या प्रमिलाचा फोटो तुम्ही केवढा मोठा करून लावला. डब्याच्या झाकणावर अर्धी पोळी आणि मिरची, ते तिचं जेवण. तिचा नवरा गौतम त्या फोटोसमोरून हलेना, तुम्हीही पाहिलं. आता तो तिला सोबत घेतल्याशिवाय जेवायला बसत नाही. तुमचं काम खोटं नाही, ताई. तेच मला जास्त लागलं.

कारण मीही तसाच एक फोटो दिला होता. सगळ्यांची जेवणं झाल्यावरची आपली कढई, तळाला लागलेली भाजी, भाकरीचा तुकडा आणि त्यात दोन हात. एक माझा, एक मानसीचा. पोरीला पाळी आली तशी आईंनी तिला तुमच्या दादाशेजारून उठवून माझ्यासोबत बसवलं. पूर्वी त्या कढईत माझंच पोट भरत नव्हतं.

त्या हॉलच्या चारही भिंती मी पाहिल्या. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "जागा पुरली नाही, वहिनी." प्रमिलाचं घर टांगायला जागा होती. तुमच्या आईचं टांगायला नव्हती. आणि ती कढई तुम्ही ओळखली नाही असं म्हणू नका, लग्नापर्यंत तुम्हीही तिच्यातच जेवल्या आहात.

मंगळवारी मानसी शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली. पांढुर्ण्याला नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. ही खाते काय?" मी तोंड उघडायच्या आत आईंनी मोबाइल काढून तो ताटाचा फोटो दाखवला. डॉक्टरबाई तो पाहून म्हणाल्या, एवढं सगळं खाऊनही अशी स्थिती असेल तर आजार दुसराच काही असेल, नागपूरला दाखवा.

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, दादांच्या समोर. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि पोरीला पोटभर जेवू घाला म्हणाल्या. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. दादा एवढंच म्हणाले, "घरातलं बाहेर सांगाची काय गरज होती?" त्या रात्रीही मानसी माझ्याजवळच बसली, कढईशी. मला तुमचा फार राग आला, ताई. आईंचा येत नाही इतका.

पोळ्याला नक्की या. आई पुरणपोळ्या करायला लावतील, दादाशेजारी तुमचं ताट मांडायला सांगतील. मी मांडणार नाही. त्या जागी मानसी बसेल. तुम्ही माझ्यासोबत बसा, सगळ्यांच्या शेवटी. कढईत तुमचा हात आला की फोटो मी काढीन. तो कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा.

तुमच्या माहेरची,
तृप्ती