कापडवाल्याचा नेम

मंचर, मंगळवार

आदरणीय सुवालाल दाजींना दलीचंदचा जय जिनेंद्र. वाकून नमस्कार करणार होतो, पण गुडघा आखडलाय, तेव्हा उभ्याउभ्याच पण मनापासून समजावा.

ताईची कंबर कशी आहे? जुन्नरच्या थंडीत तिला ओट्यापाशी फार उभी करू नका. इकडे तुमच्या सासूबाई, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे. ऐकू येत नाही म्हणते, पण तिच्याविषयी बोललेलं सगळं ऐकू येतं. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. (मोबाईलवर लिहिलं असतं, पण घरच्या ग्रुपवर आलेलं सगळं चेतना सासूला मोठ्यानं वाचून दाखवते. माझीच बायको, काय बोलणार!)

तर दाजी, मी पिस्तूल चालवलं. घाबरू नका. हवेवर चालणारं, स्पर्धेचं. समोर कागद, कागदावर काळा गोल, जीवजंतू कुणी नाही (आधी मी कागद झटकून खात्री केली). आमची रिद्धी अवसरीच्या कॉलेजात गेल्यापासून नेमबाजी शिकते, हे तुम्हाला ठाऊक आहे, आईला नाही. आईला वाटतं पोरगी क्लासला जाते. क्लासच आहे तो, विषय तिनं विचारला नाही. तिथल्या क्लबनं पालक आणि मुलांची जोडीनं स्पर्धा काढली आणि रिद्धीनं मला विचारलं. मला, दाजी! आजवर तिच्या सगळ्या कार्यक्रमांना चेतना गेली, मी गल्ल्यावर. आता नाही म्हणालो असतो तर पोरीनं पुन्हा कधी विचारलं नसतं, एवढं मलाही कळतं.

शिकवायला लोणीचे सावळाराम हवालदार, लष्करातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी माझे छर्रे एकजात खाली डावीकडे. एक तर थेट शेजारच्या गेणभाऊंच्या कागदावर, आणि तोही नेमका मधोमध! (गेणभाऊ कांद्याचे व्यापारी, तेही लेकीपायी अडकलेले.) ते म्हणाले, "शेठ, लई उपकार झालं, पण माझं मला मारू द्या." हवालदारांनी माझं बोट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शेठ, कापड फाडताय व्हय? चाप दाबा राव, हळूहळू. छर्रा कवा सुटला ते तुमालाच कळलं न्हाई पायजे." खरंच होतं ते. कात्रीनं जरा चीर द्यायची आणि टर्रकन फाडायचं, उभ्या जन्मात माझ्या हातानं दुसरं केलंय काय? चापावर बोट गेलं की हात टर्रकन करी आणि नळी खाली जाई. झटका द्यायचा नाही म्हणून मूठ आवळावी, तर आणखीच खाली.

शेवटी रिद्धी म्हणाली, "पप्पा, तुम्ही साडीचा पोत बघता ना? तसं बोट ठेवा." पोत बघताना मी बोटाचं टोक नुसतं टेकवतो, दाब हळूहळू वाढवतो, बाकीचा हात सैल. म्हणजे दुकानात अभ्यासाला बसायची तेव्हा ही पोर माझ्याकडे बघत होती तर!  चष्मा पुसला आणि तसंच दाबलं. सुटला कधी ते कळलंच नाही. दहा गुण!

स्पर्धेत नवीनच भानगड. प्रत्येक छऱ्याआधी मी मनात 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणे (चुकून माशीबिशी मधे आलीच, तर क्षमा मागितलेली बरी) आणि म्हणताना डोळे मिटत. "डोळं मिटून कुनाला दिसतंय, शेठ?" हवालदार ओरडले. मग पुढच्या सगळ्या छऱ्यांची क्षमा एकदाच ठोक भावात मागून टाकली. आम्ही तिसरे आलो, दाजी. रिद्धीनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली. दुकान दिवसभर बंद होतं, त्याचं काही वाटलं नाही.

ताईला नमस्कार, आमच्या भाच्याला, संयमला आशीर्वाद.

आपला,
दलीचंद

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. करंडकावर चांगलं ठसठशीत पितळी पिस्तूल आहे. आईनं पाहिलं तर ती उपास धरेल, आणि तिच्यापायी आम्हालाही घडतील. जुन्नरला माल नेणाऱ्या पप्पूच्या टेम्पोतून या पत्राबरोबर करंडक पाठवतोय. तुमच्या कपाटात ठेवा आणि कुणी विचारलंच तर तुमच्या संयमनं जिंकला म्हणा.

ता. क. २. पप्पू यायच्या आत आईनं करंडकाची पिशवी उघडली. मी सगळं सांगून टाकलं. तिनं करंडक उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "पोरीबरोबर गेला व्हतास ना? मग लपवतोस कशाला?" करंडक तिनंच गल्ल्याशेजारी मांडला. सामायिकाच्या ध्यानाला बसताना, श्वासानं जीव मरू नयेत म्हणून तोंडाला बांधते ती मुहपत्ती पिस्तुलाच्या नळीवर बांधली आणि म्हणाली, आता कुठल्या जिवाला लागायचं नाही. तेव्हा पप्पू नुसतं पत्र आणेल, करंडक येत नाही. तो परत येताना त्याच्याकडे एक मुहपत्ती तेवढी द्या. आई उद्या सामायिकाला बसायची आहे, आणि पिस्तुलाची सोडायची आमच्यात कुणाची छाती नाही.