पास पुढे गेला की नाही

ती. आईस नमस्कार,

मी कुणाबरोबर जेवते, हे तू दर पत्रात विचारतेस आणि मी टाळते. एकटीच जेवत होते.

इथे कारखान्यात सगळे रग्बीचे वेडे. त्या खेळात चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. परवा कँटीनमध्ये आमचे फोरमन सामन्यातल्या पंचांवर चिडले होते, "पास पुढे गेला, तरी चालू दिला!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "पळता पळता मागे फेकला, तरी पळण्याच्या वेगाने चेंडू पुढेच सरकतो. पंच बरोबर आहेत."

"पोरी, तुझं गणित बरोबर. पंच आंधळाच. बस इथे. चेंडूवर साठ टक्के ताबा असून हरलो कसे, ते सांग."

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं लिही.

आज मला उशीर झाला. माझी खुर्ची राखलेली होती आणि वाद अजून कुणी सुरू केला नव्हता.

तुझी लेक